थापी आणि आत्याबाई

३ मार्च, मंगळवार

सांगून टाकलं! एकदाचं!

एकोणीस वर्षांचा संसार, आणि हे एक वाक्य ओठांपर्यंत आणून परत गिळत होते. आज सकाळी चहा पिताना, कपाकडे बघत, एका दमात बोलून मोकळी झाले — मला आवडेल, तू मला मारलेलं. रागाने नाही. कुठेही नाही. मागे, बसतो त्या जागी. लाकडाच्या थापीने. दोघांनी ठरवून, हसतखेळत.

याचे कान लाल झालेले. मला वाटलं, झालं, आता हा उठून कारखान्यात जाणार आणि संध्याकाळपर्यंत तोंड दाखवणार नाही.

तर विचारतो काय — "कुठलं लाकूड?"

सुतार तो सुतारच! चहा नाकात गेला माझ्या.

६ मार्च, शुक्रवार

लाकडाचं विचारून जो गप्प बसला होता, तो आज जेवताना बोलला.

"माझे वडील आईवर हात उचलायचे. तुला माहीत आहे." माहीत आहे. म्हणूनच तर या माणसाने इतक्या वर्षांत साधं दार आपटलेलं नाही. दारं बनवतो, पण आपटत नाही. "त्यात आणि यात फरक काय, ते मला नीट सांग. पटलं तर करू."

मी म्हटलं, त्यांना आई थांबा म्हणत असतील, आणि ते थांबत नसतील. इथे मी स्वतः मागितलंय. आणि मी थांब म्हटलं की तू थांबणार.

बराच वेळ ताटात बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "म्हणजे सगळं तुझ्या एका शब्दावर उभं आहे."

हो, म्हटलं. उभं आहे.

आता 'थांब' चालणार नाही, कारण मला नुसत्या गुदगुल्या केल्या तरी मी थांब थांब ओरडते. दुसरा शब्द हवा, असा की ऐकताक्षणी सगळं जागच्या जागी बंद पडेल. दोघांच्या तोंडून एकदमच निघालं — आत्याबाई! याची आत्या, वय ब्याऐंशी, दर रविवारी सकाळी नऊला फोन, आणि पहिला प्रश्न, "पोट साफ होतंय ना?" त्या नावानंतर कोणाचा मूड टिकेल, तर मी त्याला हार घालीन.

दोघांनाही म्हणता येईल, असंही ठरलं. हा म्हणाला, "मला कशाला लागेल?" तरी असू दे म्हटलं.

८ मार्च, रविवार

थापी तयार होतेय. नवरा असा रमलाय, जसं काही राजवाड्याचं काम मिळालंय!

लाकूड हलकं, रेषा सरळ. गाठ असलेला तुकडा बाजूला टाकला. गाठीपाशी तडकतं म्हणे. कडा आणि कोपरे गोल केले, चार वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर मारले. मग माझा फाटका पायमोजा मागून घेतला, ते पातळ लांब असतात त्यातला. तो हातात घालून थापीवरून सगळीकडे फिरवला. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे. दोन ठिकाणी अडकला. परत घासलं. व्हार्निश नको, त्याचे टवके निघतात. तेलच लावलं.

मग माझी पाळी. वॉर्डात नव्या नर्सना इंजेक्शनची जागा शिकवते, तसंच भुऱ्या कागदावर चित्र काढून दिलं. खालचा भरलेला भाग — इथे. मांडीचा वरचा भाग — इथे, पण हळू. माकडहाड नाही. कणा नाही. कंबर तर अजिबात नाही, तिथे आत मूत्रपिंडं असतात, वर नुसतं पातळ मांस. "उंचावरून घाव घालायचा नाही, मनगटानेच. दोघांपैकी कोणीही घोटभर प्यायलेलं असेल तर थापीला हात लावायचा नाही. कोणी चिडलेलं असेल तरी नाही."

हा मान डोलावत पेन्सिल कानावर ठेवून ऐकतोय! गोड दिसतो असा.

रेषा मारायच्या दोरीची ती निळी पूड थापीला लावून सोफ्याच्या उशीवर सराव केला. वीस ठसे. अठरा एका जागी. दोन वर भरकटले. "सवय होईल," म्हणाला, आणि हात झटकला.

१४ मार्च, शनिवार

दुपारी. दोघांना सुट्टी. पडदा ओढला. फोन बंद.

आधी बराच वेळ नुसत्या तळहाताने, जागा गरम होईपर्यंत. मग थापी, अगदी हलकी. आवाज केवढा! मी दचकले कमी, हाच दचकला जास्त. दोघं हसत सुटलो. चार झाल्या की विचारायचा, "किती?" — वॉर्डात मी पेशंटना विचारते तसं, शून्य ते दहा. दोन, म्हटलं. मग तीन. मग पाच, आणि पाच म्हणजे छान होतं. डोकं रिकामं झालं. पंधरा खाटा, औषधांच्या वेळा, बदलीची रजिस्टरं, सगळं गायब. मी होते आणि माझा माणूस होता, बस.

नंतर पांघरूण घातलं, पाणी पाजलं, जवळ घेऊन पडून राहिला. "बरी आहेस ना?" सात वेळा विचारलं. सात! मोजले मी.

एवढा जीव लावणारा माणूस, आणि मी घाबरत होते कोणाला!

१५ मार्च, रविवार

खुर्चीत बसताना जरा चुणचुणलं आणि हसू आलं. आत्याबाईंच्या फोनवर तर हसू दाबताना जीव गेला. "काय गं, सर्दी झालीय का?"

२१ मार्च, शनिवार

आज दुसऱ्यांदा. एक वर लागली. पार वर, उजवीकडे, कंबरेच्या हाडाच्या वर. डोळ्यांपुढे पांढरं झालं.

याने लगेच विचारलं, "किती?"

तीन, म्हटलं.

२२ मार्च, रविवार

असं का म्हटलं मी? सात होतं. आठही असेल.

त्याचा आनंद मोडवेना. असंही वाटलं की आता खरं सांगितलं तर हा पुन्हा थापीला हात लावणार नाही. आणि खरं सांगायचं तर विचार करायला वेळच मिळाला नाही. 'तीन' आपोआप आलं. मला कोणीही कधीही विचारलं, त्रास होतोय का, तर माझं उत्तर तयार असतं — छे, कुठे काय! हाडं मोडलेल्या पेशंटला रोज रागावते मी, "अहो, खोटे आकडे सांगू नका, आम्हाला औषध ठरवायचंय!" लोका सांगे ब्रह्मज्ञान.

लघवीचा रंग दोनदा बघितला. ठीक आहे. ताप नाही. डाग मात्र पडलाय, तळहाताएवढा.

२३ मार्च, सोमवार

सापडलं. कपाटाच्या वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढायला लावला मला यानेच — "तू काढ, तुझा हात पुरतो." मी याच्या कानाला लागते, माझा कसा पुरेल? पण काढायला गेले, कुडता वर सरकला.

"हे काय?"

मी कुडता खाली ओढला.

"किती होतं?"

"सात."

"मला तीन सांगितलंस."

बस. एवढंच. डबा माझ्या हातून घेऊन ओट्यावर ठेवला. थापी जुन्या बनियनमध्ये गुंडाळली आणि स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावर टाकली, डाव्या हाताने.

२४ मार्च, मंगळवार

रागावला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

कामावर निघताना उंबऱ्यात उभा राहून बोलला, माझ्याकडे न बघता. "तू त्या दिवशी म्हणालीस, आई थांबा म्हणत असेल. नाही गं. आई कधी म्हणालीच नाही. मी विचारायचो, लागलं का तुला? ती म्हणायची, नाही रे, जरासंच. मी आठ वर्षांचा. मला खरं वाटायचं."

मग म्हणाला, "तीही तीनच सांगायची."

दार हळूच ओढून घेतलं. मी तिथेच खाली बसले. ड्युटीला पाऊण तास उशीर झाला.

२९ मार्च, रविवार

पाच दिवस 'मीठ दे', 'किल्ली कुठंय' एवढंच बोलणं. आज मीच विषय काढला. चुकलं माझं, म्हटलं. तुझ्या हातात काठी देऊन तुझे डोळे बांधले मी. आता पुन्हा विश्वास ठेवशील की नाही, ते सांग. नाही म्हणालास तरी चालेल. थापी गेली चुलीत, पण तू माझ्याशी असा परक्यासारखा राहू नकोस.

रडले. लपवलं नाही.

याने डोकं खाजवलं. मग सुताराचा उपाय निघाला — "सांधा ढिला असेल तर नुसता डिंक ओतून भागत नाही. उघडून परत बसवायचा." एक महिना. थापी वरच राहील. पण घरात, दारात, काहीही जास्त झालं, टोचलं, नको वाटलं, तर मी 'आत्याबाई' म्हणायचं. मोठ्याने. "छोट्या गोष्टींत तोंड उघडलं तर मोठ्यात उघडेल. महिनाभर ऐकू दे मला. मग बघू."

बरं, म्हटलं. त्यात काय एवढं!

१ एप्रिल, बुधवार

काय एवढं? बरंच काही आहे! आज मेट्रनबाईंनी सलग दुसरी पाळी गळ्यात मारली. "तूच समजूतदार आहेस गं." मी हो म्हणाले. घरी आल्यावर याने विचारलं, "कितीदा म्हटलंस?" एकदाही नाही. भोपळा.

४ एप्रिल, शनिवार

चहात साखर जास्त. आत्याबाई!

केवढ्याने ओरडले! हा दचकून मोरीतून बाहेर आला, तोंडाला साबण. चहा बदलून दिला. मुकाट्याने. मला इतकं भारी वाटलं की दुसरा कप गार होईपर्यंत नुसती बघत बसले.

७ एप्रिल, मंगळवार

नणंदेचा फोन. पुढच्या महिन्यात पंधरा दिवस तिघं येणार, "वहिनी आहेच की करायला." शब्द तोंडात आला. पण तिला कसं कळणार? म्हणून भाषांतर करून सांगितलं — ताई, पंधरा नाही जमायचे, चार दिवस या. मग ती म्हणाली, "बरं बाई, चार." आभाळ कोसळलं नाही.

फोन ठेवला तर हा मागे उभा, बत्तीशी दाखवत. भांग पाडत होता, डाव्या हाताने. उजवीकडचे केस सगळे उभे. असं ध्यान दिसत होतं, की मीच विंचरून दिले.

१२ एप्रिल, रविवार

खुद्द आत्याबाईंना आत्याबाई म्हणायची वेळ आली! पोटाचा प्रश्न झाला, गुडघ्यांचा झाला, मग "एखादं मूल असतं तर..." सुरू झालं. मी म्हटलं, आत्याबाई, हा विषय पुरे. मला त्रास होतो त्याचा.

म्हातारी लगेच म्हणाली, "आधी का नाही बोललीस गं? मला वाटायचं, तुला चालतं."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात.

१४ एप्रिल, मंगळवार

याने पलंगाची बाजू बदलली. "खिडकीची हवा लागू दे." मला काय, मी भिंतीकडेही झोपते. पण नाही! मला माझी बाजू आवडते. आत्याबाई! तर चक्क "एवढं ऐक माझं" म्हणाला. कधी मागत नाही काही, म्हणून दिली.

१९ एप्रिल, रविवार

मेट्रनबाईंना नाही म्हटलं. "आज दुसरी पाळी जमणार नाही." घरी येऊन सांगितलं तर याने मला उचलायलाच घेतलं, मध्येच सोडलं, म्हणे "वजन वाढलंय तुझं." मेल्या! आत्याबाई!

मग खूप वेळ माझा हात हातात घेऊन बसला. "ऐकू येतंय मला आता," म्हणाला.

२३ एप्रिल, गुरुवार

थापी खाली आली! महिना भरायच्या आधीच! रंधा मारून अजून पातळ केलीय, पोळपाटापेक्षाही हलकी. पायमोजा परत फिरवला, कुठे अडकत नाही. शनिवारी. मी म्हटलं, आकडे खरे सांगेन, शप्पथ. हा हसला, पण पूर्ण नाही. काहीतरी बोलायला आला, आणि "काही नाही, दार लावून येतो" म्हणून गेला.

२५ एप्रिल, शनिवार

"आत्याबाई."

मी नाही. तो म्हणाला. तळहाताचं झालं होतं, थापी नुकतीच हातात घेतली होती, आणि वळून बघते तर घामाने डबडबलेला, उजवा हात छातीइतकाही वर जाईना. चार महिने दुखतोय खांदा. त्या शनिवारी हात मध्येच सुटला, म्हणून वर लागली. "तू लपवलंस म्हणून मी महिनाभर तुला धडे दिले, आणि स्वतः..." हाडांच्या वॉर्डात अकरा वर्षं काढली मी, आणि डबा, कंगवा, पलंगाची बाजू — सगळं डोळ्यांसमोर घडलं! थापी काढून घेतली, बसवलं, पांघरूण घातलं, पाणी पाजलं.

किती, विचारलं.

"तीन."

मी नुसती बघत राहिले.

"आठ," म्हणाला.