जागा : दिवाकरनची टपरी

८ जानेवारी, सकाळी ६
संकल्प. यंदा आमच्या 'कुट्टनाड खवय्ये' फोरमवर एकही चुकीचं लोकेशन राहू द्यायचं नाही. रिव्ह्यूखाली लोक वाट्टेल ते लिहितात! 'धक्क्याजवळ.' कुठल्या धक्क्याजवळ? 'मोठ्या आंब्यासमोर.' अरे, इथे मोठे आंबे बारा आहेत. तेहतीस वर्षं मोजणी खात्यात घालवली, ती काय हे वाचायला?

११ जानेवारी
सतरा जणांची लोकेशनं दुरुस्त केली. तिघांनी आभार मानले. बाकीचे लाजले असावेत. बायको म्हणाली, अहो, लोकांना भजी खायचीत, जमीन नाही घ्यायची. सरलाम्माला या कामातलं कळत नाही.

१५ जानेवारी, दुपारी
दिवाकरनकडे. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. कालव्याकाठी टपरी; चहा आणि पळंपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी. पळंपोरी खावी तर त्याच्याच हातची. पण फोरमवर त्याचं लोकेशन काय? 'बोटीतून उतरा, वास येईल तिकडे चला.' म्हटलं, थांब, मीच रिव्ह्यू टाकतो. तो म्हणाला, नको हो पणिक्कर सर, यायचा तो येतोच. भारी विनयी माणूस.

१६ जानेवारी
टाकला. पाचपैकी पाच. लोकेशन असं, की फोरमवर आजवर कुणी दिलं नसेल : गाव, पंचायत, सर्व्हे नंबर, आणि 'टपरी कालव्याच्या सरकारी पट्ट्यात, हद्दीच्या दगडापासून सव्वादोन मीटर आत'. स्वतः टेप लावून मोजलं. सोबत हातानं काढलेला नकाशा.

२० जानेवारी
दोनशे चौदा लाइक! दिवाकरनला दाखवलं. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाला, सर, हे पुसता येतं का? आनंदानं गोंधळला बिचारा.
संध्याकाळी फोरम चालवणाऱ्या बिन्सी टीचरचा फोन. म्हणाली, अहो सर, लोक मुद्दाम मोघम लिहितात. निम्म्या टपऱ्या सरकारी जागेत आहेत. दिवाकरनचेट्टनचं (चेट्टन म्हणजे दादा) म्हणाल तर भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय. तेवढं लोकेशन काढा. मी म्हटलं, टीचर, मोजणीत मोघम चालत नाही. काढलं नाही.

३ फेब्रुवारी
सरकारी बोटीतून दोघे आले. हातात माझाच नकाशा, प्रिंट काढलेला. त्यांनी मोजलं. बरोब्बर सव्वादोन! खोटं कशाला बोलू, छाती फुगली. दिवाकरनला कसलासा कागद देऊन गेले. औपचारिकता असणार.

१९ फेब्रुवारी
टपरी पाडली. अर्धा तासही लागला नाही. दिवाकरन चहाचा बंब पोटाशी धरून उभा होता. म्हटलं, कोर्टात जाऊ, मी साक्ष देतो. तो म्हणाला, दिलीत की सर. आणि चालायला लागला.
सरलाम्मा म्हणाली, चाळीस वर्षं ज्याच्या हातचा चहा प्यालात, त्याच्याच पोटावर पाय दिलात. जेवलो नाही. पोट बिघडलंय बहुतेक.

२ मार्च
रिव्ह्यू काढून टाकला. दिवाकरन फोन उचलत नाही. सहाव्यांदा. रेंज नसेल.

१२ मार्च, दुपारी ४
फोरमवर नवा रिव्ह्यू! 'दिवाकरनचेट्टन पुन्हा सुरू. तोच चहा, तीच पळंपोरी.' ताडकन उठलो, शर्ट चढवला, मग शेवटची ओळ वाचली. 'जागा : ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. इथे लिहू नका, पणिक्कर सर वाचतात.' तीनशे दहा लाइक. पहिला बिन्सी टीचरचा.
खाली लिहिलं, 'कृपया नेमकं लोकेशन द्यावं.' पुसलं. मग लिहिलं, 'मोजणार नाही. नुसता चहाला येईन.' ते ठेवलं.

१२ मार्च, संध्याकाळी ६
कुणाचं उत्तर नाही.
सरलाम्मा बाहेरून आली. कागदाची पुडी पुढ्यात ठेवली. पळंपोरी. कुठून आणलीस विचारलं, तर म्हणाली, गुपचूप खा. खाल्ली. त्याच्याच हातची.
अजून गरम होती. म्हणजे पायी दहा मिनिटांच्या आतली जागा. धक्क्यापासून उत्तरेला धरलं तर

पेन खाली ठेवलं. रडू आलं.