दार उघडलं, दार लावलं

नवी तारीख ३

कान काढला! एकदाचा!

डाव्या कानात आता कापसाचा बोळा आहे, बाकी काही नाही. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात धरून दाखवला — वाटाण्याएवढा, पितळी, जरा काळवंडलेला. नऊ वर्षं मी याला देवाचा स्पर्श म्हणत होते! "हवाय का, आठवण म्हणून?" बाई म्हणाल्या. म्हटलं, फेकून द्या.

दुखतंय. पण दुखणं माझं आहे, याचंच कौतुक वाटतंय.

नवी तारीख ४

आडवी झोपले. संघात अठरा वर्षं भिंतीला टेकून, बसून झोपायचं असायचं — देव जागा, तर भक्तानं पसरायचं कसं? काल गादीवर पाय सोडले आणि थेट आज दुसऱ्या पाळीच्या भोंग्याला उठले. ताई दोनदा नाकाशी हात धरून बघून गेली म्हणे.

नवी तारीख ६

कागदाला काही माहीत नसतं. पहिल्यापासून लिहिलेलं बरं.

आकाशातले सगळे तारे विझले, त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. एक धुगधुगी असलेला तारा आपल्या पूर्वजांनी ओढून आणला, खोल विहिरीत ठेवला आणि भोवती शहर बांधलं. कोटाच्या बाहेर मिट्ट काळोख. संघ म्हणायचा, तारा हाच देव, आणि देवाला भूक लागते. ज्याच्या मनात शंका तो माणूस ताऱ्याला द्यायचा. शंका शोधायला एक बाई नेमलेली, तिला म्हणायचे कान. समोरचा खोटं बोलला की आतलं यंत्र तापायचं. मी बोट वर करायचे. बोट वर झालं की त्या माणसाला विहिरीकडे न्यायचे.

ती कान म्हणजे मी. कुणी ढकललं नव्हतं. हौसेनं झाले, नाक वर करून फिरले. माझ्याइतकी कडवी संघात दुसरी नव्हती, हे मी स्वतःच चारचौघांत सांगायचे.

दहा जणांवर बोट उचललं. मग अकराव्यावर. त्याच्याबद्दल आज नको.

नवी तारीख ७

ताईनं मला ठेवून घेतलंय. भावोजी नळ दुरुस्त करतात, त्यांच्या पाइपांच्या खोलीत माझी गादी. कूस बदलली की कोपरावर कुठलातरी वॉशर येतो. मजेत आहे.

आज जेवताना ताईनं विचारलं, "भाजी कशी झालीय?" भावोजी म्हणाले, "फक्कड!" आणि मला कळलंच नाही — खरं की खोटं! घास तसाच तोंडात धरून मी बसले. नऊ वर्षं प्रत्येक "छान" मागे, प्रत्येक "बरी आहे" मागे कान चरचरायचा. लोक एकमेकांशी किती खोटं बोलतात, आणि त्यातलं निम्मं निव्वळ मायेपोटी, हे मला तेव्हा माहीत असून कळत नव्हतं. मी हसायला लागले. ताई म्हणाली, "काय झालं गं? मीठ जास्त पडलं का?"

"नाही, फक्कड आहे," म्हटलं. मीठ जास्तच होतं. अठरा वर्षांतलं पहिलं खोटं, आणि काय चवीचं!

नवी तारीख ८

मंडळाचा कारकून आला होता. संघ गेला, आता नवं मंडळ. तारखासुद्धा त्यांनी एकपासून सुरू केल्या. हातात कागद दिला आणि वर वाचूनही दाखवला, मला वाचता येत नसल्यासारखा.

संघातल्या प्रत्येकानं चाळीस दिवसांत, आपण ज्यांचं वाटोळं केलं त्यांच्यातल्या एकाच्या घरी जायचं. घर आपण निवडायचं, पण एकदाच. उंबऱ्याबाहेर उभं राहून काय केलं ते स्पष्ट सांगायचं. घरच्यांनी खुर्ची आणून दिली तर शहरात राहता येईल. दार लावून घेतलं तर कोटाबाहेर. परत यायचं नाही.

"बाहेर माणूस किती दिवस टिकतो?" ताईनं विचारलं.

कारकुनानं चष्मा पुसला. "सांगायला कोणी परत आलेलं नाही, बाई."

तो गेल्यावर ताई बराच वेळ एकच ताट घासत होती. मला मात्र, लाज वाटते लिहायला, पण हायसं वाटलं. संघात शिक्षा कुठून येईल याचा पत्ता नसायचा. इथे निदान तारीख आहे. अठ्ठेचाळीस.

नवी तारीख १३

काम मिळालं. श्वासाच्या मुखवट्यांची दुरुस्ती. खालच्या खाणीत जाणारे लोक मुखवटे आणून टाकतात. आम्ही जुनी गाळणी काढतो, रबर बदलतो आणि मुखवटा पाण्याच्या टबात दाबून धरतो. बुडबुडा आला की गळती. नाही आला की शिक्का. इतकंच! समोरच्या वस्तूला शंका आहे का हे विचारावं लागत नाही.

मुकादमबाई एका डोळ्यानं अधू, पण बुडबुडा त्यांनाच आधी दिसतो. माझ्या शेजारी बसते तिला सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती दिवसभर शिट्टी वाजवते, तीही बेसूर. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, देवाच्या कामात शिट्टी! मग आठवलं, हे देवाचं काम नाही, रबराचं आहे. हुश्श.

नवी तारीख १४

सत्तावीस मुखवटे. एकही गळका नाही.

नवी तारीख १९

घर निवडायचंय. मनात यादी रोज होतेच, आज कागदावर लिहिली. काचवाला. शिंपीण. जुळे भाऊ, ते एकाच दिवशी. शाळेच्या बाई. घड्याळजी आणि त्याची म्हातारी आई. गवंडी. पाणी भरणारी. दवाखान्यातला कंपाउंडर. झाले दहा.

अकरावा भट्टीवाला.

विहिरीच्या तोंडाशी लोखंडी दाराची खोली आहे, तिला भट्टी म्हणतात. तिथे तीस वर्षं तो एकटाच कामाला होता. माणूस आत न्यायचा, ताऱ्याकडचं दार उघडायचं, लावायचं आणि बाहेर यायचं. कानानं आत जायचं नाही असा नियम, ताऱ्याच्या घोंघावण्यानं यंत्र बिघडतं. मी बाहेर उभी राहून पोथीतले दोन प्रश्न विचारायचे. "दार उघडलंस?" तो म्हणायचा, "दार उघडलं." "दार लावलंस?" "दार लावलं." कान गार. की मी खूश, वहीत खूण करून जेवायला मोकळी.

तिसरा प्रश्न पोथीत नव्हता. एकदा सहज विचारला, कंटाळा आला होता म्हणून. "ताऱ्याला भूक लागते, यावर विश्वास आहे ना तुझा?" तो म्हणाला, "आहे." कानात निखारा ठेवल्यासारखं झालं.

मी बोट वर केलं. संघातल्याच माणसावर बोट उचलते म्हणजे केवढी मी निष्ठावान! त्याला न्यायला दुसरा भट्टीवाला नव्हता. मग मीच आत नेलं. दार मीच उघडलं, मीच लावलं. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "हळू लावा, बिजागरी सैल आहे."

आणि तारा आजारी पडला! तीन दिवस फडफडत होता. शहरभर उजेड येत-जात होता. पोथीप्रमाणे तो तेजाळायला हवा होता. तीस वर्षं माणसं दिली तेव्हा तर कधी हललाही नव्हता. तिसऱ्या दिवशी मी झगा काढून ठेवला आणि चालत बाहेर पडले. चौथ्या दिवशी लोकांनी संघाचं फाटक तोडलं. मी एक दिवस आधी निघाले, याचा मला अजूनही वेडगळ अभिमान आहे.

नवी तारीख २०

भट्टीवाल्याच्या घरी जायचं ठरवलं. ठरवल्याबरोबर जीव हलका झाला. त्याची बायको अजून राखगल्लीत, भट्टीच्या बरोबर खाली राहते म्हणे.

खरं कारण लिहितेच, इथे कोण बघतंय! बाकी दहा जणांना मी दुसऱ्याच्या हाती दिलं. याच्या बाबतीत हात माझेच होते. सांगायचंच तर तिथे सांगायला हवं.

नवी तारीख २७

कामावर बिंग फुटलं.

मधल्या पाळीत दिवे गेले, तार जळाली होती. सगळ्या बायका "अगं बाई!" करत दाराकडे धावल्या. मी गुडघ्यावर! कपाळ जमिनीला, दोन्ही तळवे उलटे. उजेड गेला की असं पडायचं, हे अंगात इतकं मुरलंय की डोकं मध्ये येतच नाही. दिवे आले तेव्हा मी तशीच, टबाच्या बाजूला, आणि कोपर ओलं. असं फक्त संघातली माणसं पडतात.

शिट्टी थांबली. कुणीतरी म्हणालं, "ही त्यांच्यातली." मी उठले, ॲप्रन सोडायला लागले.

मुकादमबाई म्हणाल्या, "कुठे निघालीस?"

"जाते."

"बारा मुखवटे राहिलेत. ते घालून माणसं सकाळी खाणीत उतरणार आहेत. त्यांना तू कोण होतीस ते चालेल, गळकं रबर नाही चालायचं. बस खाली."

बसले. बारा केले. पाळी संपताना शिट्टीनं विचारलं, "कोण होतीस गं तू तिथे?"

"कान."

ती पांढरी पडली. मग जाता जाता म्हणाली, "म्हणजे मी बेसूर आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला!"

मी घरी येईपर्यंत हसत होते, आणि रडतही होते बहुतेक.

नवी तारीख २८

शिट्टीनं आज स्टूल एक हात लांब सरकवलं होतं. पण शिट्टी चालू होती.

नवी तारीख ३५

ताईशी भांडण. तिचं म्हणणं, ती आधी जाऊन भट्टीवाल्याच्या बायकोच्या पाया पडून येते, तिचं मन वळवते. मी म्हटलं, मुळीच नाही.

"तुला काय जातंय? बाहेर काळोखात मरशील तू, आणि मी इथे भाजी चिरत बसू?"

"ताई, वशिल्यानं मिळालेल्या खुर्चीवर मला बसवणार नाही."

"अठरा वर्षांनी आलीस! अठरा! मला बहीण आत्ता मिळालीय, आणि तू परत कडवेपणा करतेस!"

वर्मी लागलं. खरंच की, नवीन झग्यात जुनीच मी? भावोजी मध्ये पडले, "दोघी आधी जेवून घ्या." जेवलो. ताईनं माझ्या ताटात जास्तीचं वाढलं. मला ही बाई किती आवडते ते तिला कधी सांगितलेलं नाही. उद्या सांगेन.

नवी तारीख ३६

सांगितलं. म्हणाली, "बरं बरं, पदर सोड, दूध उतू जातंय."

नवी तारीख ४१

उद्या जाते. मुकादमबाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. "काम संपलं की ये, परवा मोठी खेप आहे," म्हणाल्या. परवा मी असेनच, असं धरून चालणारं कुणीतरी आहे!

काय बोलायचं ते पाठ केलंय. तुमच्या नवऱ्यावर मी बोट वर केलं. दार मी लावलं. माझं चुकलं, आणि ते भरून येणार नाही. तीन वाक्यं. चौथं लावलं की रडगाणं होतं.

भीती आहेच. पण तिच्याखाली काहीतरी शांत आहे. दार लागलं तर लागलं. निदान पाठीवर पोथी नसलेली, रबराचा वास येणारी, ताईची धाकटी बहीण म्हणून जाईन. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

नवी तारीख ४२

दार तिनंच उघडलं. मी तिन्ही वाक्यं म्हटली. ती ऐकून घेत होती. तिच्या खांद्यावरून मला आतलं टेबल दिसलं. काचवाला. शिंपीण. जुळे. शाळेच्या बाई. मी मोजले. दहा. दहाही जण, जेवायला बसलेले.

"भट्टीतून राख काढायचं दार आमच्या मोरीत उघडतं," ती म्हणाली. "ताऱ्याकडचं दार आमचे हे रिकामंच उघडायचे, रिकामंच लावायचे, आणि माणूस इकडे. तीस वर्षं. आधीचे केव्हाच पांगले. हे दहा म्हणतात, मंडळ टिकतंय का बघू, मग वर जाऊ. आमच्या ह्यांच्या स्वतःच्या वेळेला इकडचं दार उघडायला आत कोणी नव्हतं."

म्हणजे तीस वर्षांत ताऱ्याला एकच माणूस गेलं.

टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. तीच तिनं दोन्ही हातांनी उचलली, उंबऱ्याबाहेर आणून माझ्यासमोर ठेवली. "त्यांची आहे," म्हणाली. "बसा."