चौऱ्याहत्तर माळांची कॉइल

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
मंगळवार

ती. आण्णांस, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे कैलासचा, वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? धरणाच्या बाजूला वारा फार असतो, तेव्हा भजनाला बसताना खाली गोणपाट घेत जा, नुसत्या फरशीवर बसू नका. इकडे सगळे खुशाल. मी काळजी करणं सोडून दिलं आहे (केली तर काय काय होऊ शकतं ते डॉक्टरांनी सांगितलं, त्याने इतका घाबरलो की सोडूनच दिली). फोन केला असता, पण फोन लागला की तुमची बहीण शेजारी येऊन बसते. म्हणून हे पत्र दूधवाल्या राजूच्या हाती देत आहे.

मुख्य बातमी अशी की आपल्या शलाकाच्या गिटारचं काम मी घरच्या घरी फत्ते केलं आहे. नातीचं हे गिटार साधं नव्हे, त्याला बेस म्हणतात. तारा चारच, पण जाडजूड, आणि आवाज पखवाजाच्या डाव्या अंगासारखा, कानापेक्षा पोटाला आधी कळणारा. येत्या रविवारी अंबरनाथच्या एका हॉटेलात तिच्या ग्रुपचा पहिलाच कार्यक्रम आहे, आणि बेसचा आवाज पोरीला पटत नव्हता. "एकदम फुसका येतो, आजोबा," म्हणाली. तारांखाली काळी डबी असते, तिला पिकअप म्हणतात, आवाज ती पकडते. मी चार स्क्रू काढून ती उघडली, तर आत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याची तार! आण्णा, म्हणजे कॉइलच की! चौतीस वर्षं मी पंख्याच्या आणि पंपाच्या मोटारी बांधल्या. शाळा सातवीत सुटली, पण वाइंडिंगमध्ये मला कोणी नापास केलेलं नाही. मी लगेच जुनी तार कापून टाकली (शलाका नुसतं बघा म्हणाली होती, पण उघडलेलं काम अर्धवट ठेवायची आपल्याला सवय नाही).

नवी तार उल्हासनगरला मिळाली. दुकानदार म्हणाला, "चाचा, ये वायर है के सर का बाल?" इतकी बारीक, की हातातून सुटली तर चष्मा लावून शोधावी लागते. शलाकाने मोबाइलवर बघून सांगितलं की आठ हजार फेरे लागतात. माझं हातमशीन धडधाकट आहे, फक्त फेरे मोजणारा आकडा महापुरात पाणी गेल्यापासून बंद. तोंडाने मोजू लागलो. एकोणीसशेला गॅसवाला आला. दुसऱ्यांदा तेवीसशेला शेजारच्या वृंदाने दारात उभं राहून, "काका, किती झाले?" असं विचारलं आणि आकडा जो गेला तो गेलाच.

तेव्हा तुमची बहीण विठा जपमाळ घेऊन समोर बसली. म्हणाली, "नुसतं एक-दोन-तीन काय करता? देवाचं नाव घ्यायला तोंड झिजतं का?" मी एक फेरा फिरवायचा, तिने "राम" म्हणून एक मणी ओढायचा. एकशेआठाची एक माळ. दोन दुपारींत चौऱ्याहत्तर माळा झाल्या, म्हणजे सात हजार नऊशे ब्याण्णव. वरचे आठ मी शिवरायांच्या नावाने घेतले. मग कॉइल वितळलेल्या मेणात बुडवली (फोडणीच्या कढल्यात. तो विषय घरात होऊन गेला आहे), डबीत बसवली, कथलाचे टाके मारले, मीटर लावून पाहिला. काटा असा हलला, की शलाकाने माझा मुकाच घेतला.

इथपर्यंत सगळं उत्तम. पण संध्याकाळी शलाका बोलून गेली की हॉटेलात बीअरही मिळते आणि तंदुरीही. विठाने पोळपाट बाजूला ठेवला. "माझे आठ हजार राम मी कोंबडीच्या वासात नेऊ देणार नाही." शलाका म्हणाली, "आजी, यार, ती कॉइल आहे!" ही म्हणाली, "तुला कॉइल. दोन दिवस मी बसलेय." आधी माझ्या जुन्या लुंगीत असलेला बेस आता तिच्या पैठणीत गुंडाळून देवघरात उभा आहे. पुरता मावत नाही, म्हणून मान बाहेर आणि तारा पिळायच्या खुंटीवर झेंडूचं फूल. आंघोळीशिवाय हात लावायचा नाही. पोर सकाळी न जेवता कामाला गेली. पण मी काळजी करत नाही. रविवारला अजून पाच दिवस आहेत.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला
कैलास

ता. क. काळजी करत नाही म्हणालो, तरी शुक्रवारच्या आत विठाला एक फोन करा. भजनाच्या बाबतीत ती फक्त तुमचं ऐकते. देवाचं नाव कुठंही नेलं तरी बाटत नाही, एवढंच सांगा. सहज सुचल्यासारखं. माझं पत्र आलं हे बोलू नका.

ता. क. २. फोन करू नका. पाकीट चिकटवायला डिंक मागितला, तर तिने पत्रच वाचून काढलं. आता बेस जाणार आहे आणि ती बरोबर जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार, आणि शलाका वाजवत असेल तोवर पुढच्या टेबलावर ग्लास दिसता कामा नये असं तिने हॉटेलवाल्याला फोनवर बजावलं. तो "हां माताजी" म्हणाला. शलाका आता जेवते आहे, पण माझ्याशी बोलत नाही. तुम्हीही रविवारी या.

ता. क. ३. हे राजूच्या सायकलच्या सीटवर लिहीत आहे. बेस अजून वाजवून पाहिलेला नाही, आवाजाचा डबा ग्रुपवाल्यांकडे असतो. आणखी एक. एकावन्नाव्या माळेला विठाचा डोळा लागला होता. मी मशीन थांबवलं नाही, हात रंगात आला होता. किती वेळ, देव जाणे. म्हणजे आत बरेच फेरे बिननावाचे आहेत. हे आधीच सांगितलं असतं तर सोवळ्याचा प्रश्न तिथेच मिटला असता. पण आण्णा, तुमची बहीण तुम्ही ओळखता. ती म्हणाली असती, "मग उसवा, आणि पुन्हा पहिल्यापासून." रविवारी येताना तुमची जपमाळही घेऊन या. असू द्यावी जवळ.