विटांच्या भिंतींचा गेम

खुलताबाद, ६ ऑक्टोबर २०२५

ती. मेघाताईस,
धाकट्या सम्यकचा सप्रेम जय भीम. वि. वि.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला आलो नाय, तेव्हापासनं तू माझा फोन उचलत नाय, म्हणून पत्र. सध्या दर्ग्याजवळच्या चहाच्या हॉटेलात कामाला आहे. सीताफळं आलीत. मालक म्हणतो, तुझं डोकं पण सीताफळच, नुसत्या बिया. असो, भरकटलो.

आई ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये झाडायला जायची, तिथं आपण एक गेम खेळायचो. लाल विटांच्या भिंती, गल्ल्याच गल्ल्या, मधीच एक उंदीर. त्या गेमचं नाव काय गं? यूट्यूब पालथं घातलं, सापडत नाय. एकदा परत खेळायचाय. तुझ्यासंगं जिंकलेली तेवढीच एक गोष्ट आहे.

लोभ उरलाय का, तेवढं कळव.
तुझा सम्यक

मुकुंदवाडी, १३ ऑक्टोबर

चि. सम्यक यास,
अनेक आशीर्वाद. पत्र आलं म्हणजे हातपाय धड आहेत. वेळेवर जेवतोस ना?

तो गेम नव्हता, येड्या. कॉम्प्युटरला बराच वेळ कुणी हात लावला नाही की ते चित्र आपोआप चालू व्हायचं. आई दटावायची, हात मांडीवर ठेवून बसा, काही बिघडलं तर माझं काम जाईल. तू नुसता ओरडायचास, डावीकडं घे, उजवीकडं घे. चुकून ते तिकडंच वळलं की माझी पाठ बडवायचास. हा गेम नाही, हे मी कशाला सांगू? तू रमलास की तिचं झाडून व्हायचं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेवटची पंगत उठेस्तोवर तुझं ताट झाकून ठेवलं होतं. माझा राग गेलेला नाही.

तब्येतीला जप.
मेघाताई

गंगापूर, ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. तुझं पत्र वाचून लई राग आला. चहाचं काम सोडलं. इथं एका गॅरेजात उसाच्या ट्रॅक्टरांचे पंक्चर काढतो.

नेट कॅफेवाल्यानं ते चित्र शोधून दिलं. हात मांडीवर ठेवून बघत बसलो. डावीकडं म्हणालो, ते उजवीकडं गेलं. परत म्हणालो, तर खरंच डावीकडं वळलं. बाजूची खुर्ची मोकळी होती. कॅफेवाला म्हणाला, भाऊ, कुणाशी बोलताय?

काल संध्याकाळी गॅरेजवाल्याच्या फोनवरून तुला लावला होता. तू उचललास. कोण, कोण म्हणून विचारत राहिलीस, मागं कुकरची शिट्टी झाली. तो मीच होतो. येत्या रविवारी परत लावतो, माझ्याच नंबरवरून. उचल. आणि माझा आवाज फुटला नाय, तरी लगेच ठेवू नकोस.

सम्यक