ताईची शिफारस

३ जून

चि. झिपरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज मिळाला. शिफारस करणारी नर्स म्हणून मी सही करावी, असं तू म्हणतेस. करणार नाही. तीस वर्षं हे काम करते आहे. पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्यात, वर पेशंटचे नातेवाईक अंगावर ओरडतात. तू एकोणचाळीस वर्षांची. वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीत तुला खुर्ची आहे, पंखा आहे, पाचला सुट्टी आहे. ते सोडून विशीतल्या पोरींच्या वर्गात बसणार, आणि मग बेडपॅन उचलणार? लेकीची दहावी आहे, तिच्याकडे बघ. फोनवर दोनदा नको म्हणाले, हे तिसऱ्यांदा. सुखाचा जीव दुःखात घालू नकोस.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
सा. नमस्कार.

रागावलेच आहे. चौदा वर्षं त्या खिडकीत लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण एकाच्याही घरचा दिवा मी स्वतः लावला नाही. तक्रार लिहायची, कागद पुढे सरकवायचा, संपलं. ओरडण्याची भीती मला घालू नकोस. घरातली वीज गेलेला माणूस तू पाहिलेला नाहीस. पोरी हसतील तर हसू देत. लेकीने टेबलाचा अर्धा भाग मला खडूने आखून दिलाय, माझं पुस्तक रेघेपलीकडे गेलं की ओरडा खाते. चाळिशीनंतर प्रवेश मिळत नाही, तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही.

आता मनातलं. आईच्या शेवटच्या सात महिन्यांत मी दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचे. तू रजा काढून आलीस आणि तिच्याशी बोलायच्याही आधी तिला वळवून पाठ पाहिलीस, टाचा पाहिल्यास. एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात निघून गेलीस. माझं काय चुकलं, हे मी आजवर विचारलं नाही. चुकलं असेल तर ते मला शिकायचं आहे. तू सही केली नाहीस तर दुसरी नर्स शोधीन, पण अर्ज भरीन.

अर्ज पुन्हा जोडलाय. मुदत तीस जून. लोभ आहेच, तो सहीसकट यावा.
तुझी झिपरी

१९ जून

चि. झिपरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नव्हतं. सात महिने अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पाठीवर पडून पडून होणारी जखम सोडच, एक लाल डागसुद्धा नव्हता. आमच्या वॉर्डात इतक्या जणी असून ते जमत नाही. मी दुसऱ्यांच्या आया सांभाळत बसले आणि आपल्या आईला तू सांभाळलंस, याची लाज वाटली. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मोठेपणा आडवा आला.

बूट एक नंबर मोठे घे, संध्याकाळी पाय सुजतात.

अर्ज सोबत आहे. 'शिफारस का करता' या रकान्यात आधी आईच्या पाठीचं लिहिलं, मग खोडलं. ते आपल्या घरातलं. आता लिहिलंय, 'मी तीस वर्षं नर्स आहे. हिला तीनदा नको म्हणून सांगितलं. हिने ऐकलं नाही.' खाली सही केली आहे.

तुझी ताई