पांढऱ्या साडीला सोळा

परभणी, सोमवार, १२ मे १९८६

पेडगावच्या कालच्या लग्नाचे फोटो धुऊन आले. सगळे झकास. फक्त सुनंदाचा काळामिट्ट.

आपल्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत. म्हणून स्टुडिओतल्या उस्तादांनी आधीच बजावलं होतं, उन्हात पांढरं असलं की कॅमेऱ्याची रिंग सोळावर ने, उजेड कमी घुसतो, न्हाईतर सगळं पांढरंफटक होऊन उडून जातं. सावलीत आलास की रिंग परत उघड.

नवरीला सोळा लावलं, जमलं. मग लिंबाच्या सावलीत तिची बहीण उभी, सुनंदा. वर्षभर हिचा एक फोटो काढायचा म्हणून झुरायलो. तर म्हणते, "कालेज सोडून हेच शिकायलास का?"

डोकं फिरलं. "शिकायलो न्हाई, शिकलो!" म्हणत खटका दाबला. रिंग सोळावरच! आणि रोल संपला.

उस्ताद म्हणाले, "नवरी बराबर आयी ना? बस." त्यांना काय सांगू?

संध्याकाळपासून तोच फोटो बघायलोय. अंधारात फक्त तिचे दात दिसतात. म्हणजे ती हसत होती. टोमणा नव्हताच की काय तो? आणि मी खेकसलो.

उद्या हाच फोटो घेऊन तिच्याकडं जातो. सांगतो, अजून शिकायलोय.