मैदानावरची मंजुषा

इचोडा,
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

सौ. जयवंताबाई यांस,

सविनय नमस्कार. आपण व घरची मंडळी कुशल असाल, अशी आशा आहे. माझी प्रकृती ठीक आहे. कापसाच्या गाड्यांमुळे सध्या हमरस्ता ओलांडणे अवघड झाले आहे. तरी आज सकाळी मी शाळेत येऊन गेलो, हे आपण जाणताच.

पत्रास कारण शनिवारची शाळा समितीची बैठक. मंजुषाच्या निधनानंतर पती म्हणून मला सरकारकडून मिळालेली तिच्या नोकरीची रक्कम तिच्याच शाळेला द्यावी, हा निर्णय माझा. त्यातून मैदानाच्या कडेला पक्का मंच बांधावा आणि त्यावर तिचे नाव कोरावे, ही इच्छाही माझी. आपण शिक्षिकांच्या वतीने उभ्या राहिलात आणि म्हणालात, "सर, मंच नका बांधू. सरकारी अनुदानातून चेंडू येतात, दोऱ्या येतात, शिकवणारं कोणी येत नाही. मॅडम गेल्या तवापासून सारं कपाटात हाय. आमाले शिट्टी फुकाची बी लाज वाटते. पोट्टं पडलं, हात मोडला, तं मायबाप आमच्याच अंगावर येतीन. त्या पैशातून जाणतं माणूस बोलवा अन् आमा बायांले शिकवा."

अध्यक्ष महिपतरावांनी त्यात भर घातली, "सर, मंचावर भाषण होते. पोट्टे काय भाषण खेळतीन?" सगळे हसले. मी हसलो नाही.

आपली सूचना योग्य होती. ती फेटाळताना मी टिकाऊ वास्तूचे महत्त्व सांगितले. ते कारण खरे नव्हते.

खरे कारण सूचनेपाठोपाठ आपण जे सांगितलेत, ते होते. खेळाच्या तासाला मंजुषा पदर खोचून मुलांआधी स्वतः लंगडी घाली, धपकन पडे आणि पडल्या जागेवरून ओरडे, "हासा लेकहो, पण उचला तं मले!" आपण तिचा आवाज हुबेहूब काढलात. शिपाई मोतीरामसुद्धा मान डोलवत होता. त्या खोलीत ती मंजुषा सर्वांना ठाऊक होती. एक मीच तिला पहिल्यांदा ऐकत होतो.

घरी ती माझ्याशी शुद्ध बोलत असे. तशी सवय मीच लावली होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला धावताना पाहिले नाही. संध्याकाळी फिरायला चल म्हटले की म्हणे, "आज पाय भरून आलेत." पाय कशाने भरून येत, हे मला शनिवारी कळले. खेळणे आपल्या वाट्याला गेले आणि थकवा माझ्या.

जयवंताबाई, मला आपला हेवा वाटला. आजही वाटतो. एखाद्या परपुरुषाचा वाटला असता, तर लोकांना तो समजला तरी असता. एका सज्जन शिक्षिकेचा आणि चौथीच्या मुलांचा हेवा वाटणाऱ्या विधुराने काय करावे, हे आयुष्यभर महाविद्यालयात शिकवूनही मला माहीत नाही.

आज मी मंचाचा नकाशा घेऊन आलो होतो. आपण मैदानावर पदर खोचून लंगडीचा प्रयत्न करत होतात. तोल जात होता, मुले टाळ्या वाजवत होती. एवढ्यात मी दिसलो. आपण पदर सोडलात, मुलांना रांगेत बसवून पाढे म्हणायला लावलेत. मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला. मंजुषासारखे कोणाला जमणार नाही, असे मनात आले.

मग सपना नावाची ती मुलगी, पाढे म्हणता म्हणता, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आपल्याला म्हणाली, "बाई, सर गेल्यावर खेळू नं?"

मी फाटकाकडे वळलो. मागे पाढे लगेच थांबले.

मी कधीकाळी त्या मैदानावर आलो असतो, तर मंजुषानेही पदर सोडला असता. तिने माझ्यापासून काहीही लपवले नव्हते. मी समोर असलो की ते घडतच नसे.

तेव्हा मंच बांधू नये. ती सारी रक्कम आपल्या म्हणण्याप्रमाणे शिक्षिकांच्या क्रीडा प्रशिक्षणाला द्यावी, असे मुख्याध्यापकांना आजच कळवले आहे. उद्घाटनाला मला बोलावू नये. मी आल्यास कोणी खेळणार नाही.

एक विनंती मात्र आहे. ती देणगीची अट नव्हे. एखाद्या रविवारी आपण चहाला घरी यावे आणि तिच्याविषयी सांगावे. सगळे एका दिवशी सांगू नये. थोडे राखून ठेवावे. ऐकताना माझा चेहरा कदाचित प्रसन्न नसेल. त्याकडे लक्ष न देता सांगत राहावे.

आपल्या मैत्रिणीचा नवरा,
भगवंतराव